दह्यात लसूण

रायपूर राजधानी झालं तेव्हा शरच्चंद्र कोठीवान पन्नाशीला टेकले होते, आणि आता आपलं काही व्हायचं उरलेलं नाही अशी त्यांची आणि त्यांच्या बायकोची, दोघांचीही खात्री पटलेली होती. ब्राह्मणपाऱ्यातल्या घराचा वरचा मजला, एक स्कूटर, कॉलेजात जाणारी मुलगी आणि जिल्हा कचेरीतली बड्या बाबूची खुर्ची, एवढा त्यांचा संसार. घराण्याचा मूळपुरुष भोसल्यांच्या फौजेबरोबर नागपूरहून छत्तीसगडात उतरला असं घरात अभिमानानं सांगत. त्याच्या कमरेला तलवार होती असंही सांगत. तो फौजेच्या धान्याच्या कोठीवर होता हे आडनावच ओरडून सांगत होतं, पण तिकडे कोणी लक्ष देत नसे.

मग छत्तीसगडचं वेगळं राज्य झालं. भोपाळहून ज्यांना रायपूरला पाठवायचं ठरलं, त्यातल्या निम्म्यांना एकाएकी रक्तदाब निघाला आणि उरलेल्यांच्या आया आजारी पडल्या. खुर्च्या तयार, बसायला माणूस नाही, अशी अवस्था. त्या हुल्लडीत कोठीवान जिल्हा कचेरीतून उचलले गेले आणि मंत्रालयात अनुभाग अधिकारी, म्हणजे सेक्शन ऑफिसर, होऊन बसले. त्या वर्षी शहरात बढती न झालेला माणूस सापडणं कठीण होतं. त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी बसणाऱ्या पानठेलेवाल्यानंसुद्धा पाटी रंगवून घेतली होती, 'राजधानी पान पॅलेस'.

मंत्रालय तेव्हा एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरत असे. कोठीवानांच्या वाट्याला आलेली खोली पूर्वी हाडं मोडलेल्या माणसांची होती. भिंतींना खांद्याइतक्या उंचीपर्यंत पांढऱ्या फरशा होत्या, आणि छताला एक भक्कम लोखंडी आकडा होता, ज्याला कधीकाळी पेशंटांचे प्लास्टर घातलेले पाय टांगून ठेवत. खात्याचं नाव समन्वय विभाग. इतर खात्यांचा आपसात मेळ घालून द्यायचा, हे त्याचं काम. इतर खात्यांना हा विभाग आहे हे ठाऊक नसल्यामुळे काम बेताचं होतं.

कोठीवान साहेब म्हणून वाईट नव्हते. कोणावर खेकसत नसत, वेळेवर येत, चहाला स्वतःची कपबशी वापरत. त्यांच्यात खोड एकच होती. वरच्या माणसानं काहीही विचारलं की त्यांच्या तोंडून आपसूक "हो जाएगा, सर" निघून जाई. काय होणार, कसं होणार, कोण करणार, हा विचार मागाहून पाय ओढत येई. या दोन शब्दांवर त्यांनी सव्वीस-सत्तावीस वर्षं नोकरी रेटली होती, आणि बहुतेक कामं न होताही कोणाचं काही बिघडलं नव्हतं, म्हणून ती खोड सुटायचं काही कारणही नव्हतं.

विभागाचे मोठे साहेब उत्तरेकडचे होते. राज्य नवं, राजधानी नवी, तर ती सुंदर कशी करायची याचा अभ्यास करायला ते ग्रीसला गेले. अभ्यासात सोबत हवी म्हणून त्यांच्या पत्नी सरिता मॅडमही गेल्या. परत आल्यावर साहेबांनी त्या दौऱ्याबद्दल एवढंच सांगितलं की तिकडे घरांना पांढरा रंग देतात. मॅडमकडे मात्र सांगण्यासारखं पुष्कळ होतं. होळीनंतर शंकर नगरच्या बंगल्यावर त्यांनी विभागातल्या मंडळींना चहाला बोलावलं, आणि बोलता बोलता डोळे मिटून एका पदार्थाची आठवण काढली. समुद्राकाठचं हॉटेल, निळ्या खुर्च्या, आणि मातीच्या वाटीत एक पांढरं, गार, घट्ट काहीतरी. दही होतं, खीरा होता. त्झात्झिकी म्हणतात त्याला. डिप असतं ते, ब्रेड बुडवून खायचं. इथे रायपुरात तसं काही मिळायचं नाही, हे म्हणताना त्यांनी खिडकीबाहेर असं बघितलं की आख्ख्या राज्याला उणं वाटावं.

कोठीवान दाराजवळच्या खुर्चीवर सामोसा हातात धरून बसले होते. मॅडमची नजर फिरत फिरत त्यांच्यावर येऊन थांबली. त्या म्हणाल्या, "आप मराठी लोग तो दही का बहुत कुछ बनाते हैं ना, कोठीवान जी?"

"हो जाएगा, मॅडम," कोठीवान म्हणाले.

घरी येऊन त्यांनी ही गोष्ट रमाबाईंना अशी सांगितली, जणू काही सरकारनं त्यांच्यावर मोठाच विश्वास टाकला आहे. रमाबाई मूळच्या वर्ध्याकडच्या. त्या ताक घुसळत होत्या. त्यांनी फक्त त्यात काय काय घालतात ते विचारलं. कोठीवानांना ते ठाऊक नव्हतं. मुलगी गंधाली दुसऱ्या दिवशी बूढ़ापाऱ्यातल्या इंटरनेटच्या दुकानात बसून सगळं बघून आली आणि जेवताना तिनं ते सांगितलं. ती घरातलं मराठी सगळं समजायची, बोलायची मात्र हिंदीत.

"दही का पानी निकालना है, बाबा. फिर खीरा, नमक, ऑलिव्ह ऑइल, सोआ भाजी, यानी शेपू, और लहसुन. कच्चा लहसुन, कूट के."

रमाबाईंचा घास हातातच राहिला. "दह्यात लसूण?"

"हाँ, आई. कच्चा."

"मी नाही करणार," रमाबाई म्हणाल्या. "दह्यात लसूण घालायचं मले कोणी शिकवलं नाही, अन् मी शिकून नाही राहिली. तुम्ही कबूल करून आले ना? मग तुम्हीच करा."

हे त्यांनी रागानं म्हटलं नाही, त्यामुळे समजूत काढायला जागाच उरली नाही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली होती आणि तोवर कोठीवान स्वयंपाकघरात फक्त पाणी प्यायला जात. पुढच्या रविवारी ते बनियनवर आत शिरले तेव्हा त्यांना विळी कुठे असते हेही विचारावं लागलं.

साहित्य जमवण्यातच पहिली अब्रू गेली. शास्त्री बाजारातून त्यांनी ककडी आणली, लांब, पातळ, वाकडी. ती उन्हाळ्यात मीठ लावून खायची, दह्यात घालायचा तो खीरा, हे गंधालीनं सांगितलं तेव्हा परत जावं लागलं. आपल्या भाषेत दोघींनाही काकडीच म्हणतात, असं त्यांनी म्हणून बघितलं, पण बाजार हिंदीत होता. ऑलिव्ह ऑइल किराणा दुकानात कोणी ऐकलेलं नव्हतं. शेवटी ते औषधांच्या दुकानात मिळालं, बोटभर बाटलीत. दुकानदारानं बाळ किती महिन्यांचं आहे असं चौकशीनं विचारलं. कोठीवानांनी मान खाली घालून, बाळ मोठं आहे, असं उत्तर दिलं.

पहिल्या रविवारी जे तयार झालं त्याला डिप म्हणायला कोणी धजलं नसतं. दही सकाळी फडक्यात बांधून मोरीच्या नळाला लटकवलं होतं. चैत्रातलं रायपूर, दुपारपर्यंत ते आंबून गेलं. त्यात किसलेल्या खीऱ्याला सुटलेलं पाणी, त्यावर तेलाचा तवंग, आणि वास असा की नुकतंच कोणा तान्ह्या पोराला न्हाऊ घालून उन्हात ठेवलं आहे. गंधालीनं चमचा लावला आणि मैत्रिणीकडे जायची आठवण झाल्यासारखी उठून गेली.

कोठीवानांना याचं वाईट वाटायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात भलताच विचार आला, की पाणी कुठून सुटलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादं काम का झालं नाही हे जाणून घ्यावंसं वाटत होतं. पुढच्या खेपेला ते खीरा किसत होते तेव्हा रमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. आत पाऊल न टाकता त्या म्हणाल्या, "मीठ लावून ठेवा ना थोडं. मग पिळा. कसून पिळा, काहून घाबरता? खीराच आहे तो."

त्यांनी पिळला. हिरवं पाणी बोटांतून धारेनं वाहिलं, आणि मुठीत एक कोरडा, गच्च गोळा राहिला. त्या गोळ्याकडे ते बराच वेळ बघत राहिले. इतकी वर्षं त्यांच्या हाताखालून हजारो कागद गेले होते. ते सगळे कुठून तरी येत आणि कुठे तरी जात, त्यांचं पुढे काय होई हे कधी कळत नसे. हे मात्र त्यांच्या हातानं सुरू झालं होतं आणि संध्याकाळच्या आत त्यांच्याच हातात संपणार होतं.

दही आंबण्यावरचा उपाय मंत्रालयात सापडला. त्यांच्या खोलीत भिंतीएवढा कूलर होता, आणि छताला तो आकडा. सकाळी ते फडक्यातलं दही घेऊन येत, चपराशी भैय्यालाल टेबलावर चढून ते आकड्याला बांधे आणि खाली बादली ठेवी. जिथे पूर्वी माणसांचे पाय लटकत तिथे दह्याचं गाठोडं लटकू लागलं. येणारे-जाणारे वर बघत, खाली बघत, आणि हे समन्वयाचं काहीतरी असेल असं समजून गप्प बसत. एका दुसऱ्या खात्याच्या अधिकाऱ्यानं तर असलंच गाठोडं आपल्याकडेही हवं म्हणून तोंडी विचारणा केली.

चौथ्या-पाचव्या प्रयत्नाला जमलं. दही लोण्यासारखं घट्ट, खीरा कोरडा, लसूण जिभेला चटका देईल इतकाच. शेपूची पानं बारीक चिरलेली, तेलाचे चार थेंब. गंधालीनं ते पोळीच्या तुकड्यावर घेतलं, मग दुसरा तुकडा घेतला, मग वाटीच ओढून घेतली. "बाबा, ये तो कमाल है," ती म्हणाली. कोठीवानांना मुलीनं आजवर कधी कमाल म्हटलं नव्हतं. रमाबाईंनी लांबूनच वास घेतला आणि खिडकी उघडली.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन ते बंगल्यावर गेले. मॅडमनी चमच्याच्या टोकावर एवढंसं घेतलं आणि डोळे मिटले. मग उघडले. "अच्छा है," त्या म्हणाल्या, "लेकिन वहाँ ऐसा नहीं था। लहसुन तो बिलकुल नहीं था।"

इथून खरी फाइल सुरू झाली. लसूण निघाला. पुढच्या वेळी मॅडमना तेलाचा वास खटकला, तिकडे असा वास नव्हता. तेल निघालं. शेपू चाखून त्यांनी, हे काय गवत घातलंय, असं विचारलं, तर शेपूही निघाला आणि त्याच्या जागी कोथिंबीर आली. मग त्यांना आठवलं की थोडं गोड होतं. साखर पडली. मग दाताखाली काहीतरी येत होतं, खमंग असं काही. कोठीवानांनी बदाम घालून बघितले, अक्रोड घालून बघितले, शेवटी एकदा घाईत होते म्हणून दाण्याचं कूट घातलं. मॅडमचा चेहरा उजळला. फक्त वरून काहीतरी तडतडलेलं असावं असं त्यांना पुसट आठवत होतं. कोठीवान घरी आले, कढलीत तेल तापवलं, मोहरी, हिंग, हिरवी मिरची टाकली आणि ती फोडणी वरून ओतली.

तो डबा उघडून मॅडमनी चमचा तोंडात घातला, खुर्चीला डोकं टेकलं आणि म्हणाल्या, "बस. यही था। बिलकुल यही।"

कोठीवान स्कूटर उडवत घरी आले. डब्याच्या तळाशी राहिलेलं त्यांनी विजयानं रमाबाईंच्या हातावर ठेवलं. त्यांनी चाखलं. नवऱ्याकडे बघितलं. पुन्हा चाखलं.

"अहो," त्या म्हणाल्या, "ही तर कोशिंबीर आहे."

"हळू बोल," कोठीवान म्हणाले, आणि उठून त्यांनी गॅलरीचं दार लावून घेतलं.

पण बोलून काही उपयोग नव्हता, कारण पदार्थ तोवर हातातून गेला होता. पुढच्या आठवड्यात मॅडमनी तो आपल्या बरोबरीच्या बायकांना खाऊ घातला. त्या बायकांनी आपापल्या साहेबांना सांगितलं. शंकर नगरात कुठेही जेवण असलं की 'वो ग्रीक वाला डिप' हवा असे, आणि तो कोठीवानांनीच केलेला हवा. ब्रेड कोणाला आवडेना, म्हणून ठेठरीबरोबर खायची पद्धत पडली. बेसनाची ती कडक, तळलेली कडबोळी डिपात बुडवायची आणि ग्रीसमध्येही असंच खातात असं पाहुण्यांना सांगायचं. सिलतऱ्यात स्पंज आयर्नचा कारखाना असलेल्या एका शेठनं मुलीच्या लग्नात त्याचा वेगळा मंडप टाकला आणि मंडपाला पांढरा-निळा रंग दिला. तिथे उभ्या असलेल्या वाढप्यांना पांढरी पागोटी होती.

कोठीवानांचंही बरं चाललं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. त्यांच्या टेबलावरच्या फाइली आता दुसरेच बघत. त्यांच्या रजेला, बिलाला, गंधालीच्या दाखल्याला कुठे अडकाठी येत नसे. नमस्कार करणारे वाढले होते. बाजारातून जाताना त्यांची मान थोडी मागे झुकलेली असे, आणि कोणी काय करता असं विचारलं तर ते मंत्रालयाच्या आधी ग्रीसचं नाव काढत. कोशिंबीर आपली आहे हे त्यांना ठाऊक होतं. तरी त्या वाटीकडे बघताना त्यांना खरोखरच निळा समुद्र दिसू लागला होता. माणूस स्वतःला किती लवकर पटवू शकतो, याला पुरावा हवा असेल तर कोठीवानांचे ते महिने बघावेत.

रविवारी दुपारी मात्र ते दार लावून खरं त्झात्झिकी करत, लसूण घालून. ते त्यांनी आणि गंधालीनं खायचं, आणि कोणाला सांगायचं नाही. अस्सल चीज चोरून खायची आणि नक्कल वाजतगाजत वाढायची, यात आपण काही चमत्कारिक करतोय असं त्यांना कधी वाटलं नाही. नोकरीत हे नेहमीचंच होतं.

थंडीच्या सुरुवातीला त्या सिलतऱ्याच्या शेठनं नवी भट्टी बसवली आणि ती चालू करून द्यायला परदेशातून एक इंजिनियर आला. तो ग्रीक निघाला. नाव पानायोतिस. भैय्यालाल त्याला पानाजी साहेब म्हणे. शेठनं कौतुकानं ही बातमी साहेबांना सांगितली, आणि मॅडमनी त्याच दमात जेवण ठरवून टाकलं. घरापासून इतक्या दूर आलेल्या माणसाला त्याच्या मातीची चव द्यायची, असं त्या फोनवर म्हणाल्या. कोठीवान म्हणाले, "हो जाएगा, मॅडम," आणि पाहुणा ग्रीक आहे, हे फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं.

ते सगळं संकट त्यांनी रमाबाईंपुढे मांडलं. कोशिंबीर नेली तर तो ग्रीक ओळखणार आणि मॅडमची शोभा होणार. लसणाचं नेलं तर मॅडम ओळखणार आणि आपली होणार. आजारी पडावं असा एक विचार होता, पण अख्खं भोपाळ ती युक्ती वापरून बसलं होतं.

रमाबाई मेथी निवडत होत्या. "दोन्ही न्या," त्या म्हणाल्या. "कोशिंबीर मी करून देते. निदान कोशिंबीर तरी नीट होऊ द्या. तुम्ही दाणे लई जाड कुटता."

म्हणून त्या संध्याकाळी कोठीवान बंगल्यावर पोचले तेव्हा त्यांच्याजवळ दोन डबे होते. मोठा त्यांनी स्वयंपाकघरात दिला. लहान डबा पिशवीतच ठेवून ती खुर्चीखाली सरकवली. साहेब, मॅडम, शेठ, विभागातली चार माणसं, आणि मधोमध तो पानायोतिस, उन्हानं रापलेला, दाट भुवयांचा, भट्टीच्या धगीनं डोळे लाल झालेला साधा गडी. चांदीच्या वाटीत डिप आलं. भोवती ठेठरी रचलेल्या. मॅडमनी सगळ्यांना हातानं शांत केलं आणि पाहुण्याला आग्रह केला.

त्यानं ठेठरी बुडवली, खाल्ली. भुवया वर गेल्या. दुसरी बुडवली. मग त्यानं चमचा मागितला आणि ती वाटी चाटूनपुसून साफ केली. मॅडम विजयानं सगळ्यांकडे बघत होत्या. तोंड पुसून पानायोतिस इंग्रजीत मनापासून बोलला. भारतात आल्यापासून इतकं चांगलं काही खाल्लं नाही, असं तो म्हणाला. या पदार्थाचं नाव काय, यात शेंगदाणे आहेत का, आणि हे फक्त याच भागात करतात का, असं त्यानं विचारलं. आमच्याकडेही दही-काकडीचं एक असतं, पण त्याचा आणि याचा काही संबंध नाही, हे फारच वेगळं आहे, असंही त्यानं सांगितलं.

साहेब छताकडे बघू लागले. शेठनं मोबाईल काढला. मॅडमनी हळूहळू मान वळवली आणि कोठीवानांकडे बघितलं. त्या नजरेत हुकूम होता, विनवणी होती आणि दोन्हींच्या खाली भीती होती. काहीतरी बोला, असं ती नजर म्हणत होती.

कोठीवानांनी तोंड उघडलं. नेहमीचे दोन शब्द ओठांवर आले, पण ते बसवायचे कुठे हेच समजेना, कारण या वेळी पुढे ढकलायला काही नव्हतं. वाटी रिकामी होती आणि माणूस उत्तराची वाट बघत होता. त्यांच्या डोळ्यांपुढे, का कोण जाणे, पिळलेल्या खीऱ्याचा तो गच्च गोळा आला.

"इसको कोशिंबीर बोलते हैं," ते म्हणाले. "काकडीची कोशिंबीर. ही माझ्या बायकोनं केली आहे." अर्धं हिंदीत, अर्धं मराठीत झालं, पण आवाज स्पष्ट होता. मग ते वाकले, खुर्चीखालून पिशवी काढली, आणि लहान डबा पाहुण्यापुढे ठेवला. "और ये आपका. ये मैंने बनाया है."

पानायोतिसनं झाकण उघडलं आणि वासालाच हसला. त्यानं ते ठेठरीला लावून खाल्लं, विचार केला, पुन्हा खाल्लं. मग कोठीवानांच्या खांद्यावर भट्टीवाल्या माणसाचा जड हात ठेवून तो म्हणाला की हेच ते, फक्त लसूण भित्र्या माणसानं घातल्यासारखा आहे, आणखी हवा.

मॅडमनीही त्यातलं चमचाभर चाखलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लसणाचं. "नहीं," त्या ठामपणे म्हणाल्या, "वहाँ ऐसा नहीं था।" ग्रीक माणसानं नम्रपणे सांगितलं की तिकडे असंच असतं. मॅडमनी त्याच्याकडे दयेनं बघितलं, बिचाऱ्याला घर सोडून फार दिवस झाले असावेत अशा अर्थानं. आणि पुढच्याच क्षणी त्या सावरल्या. टाळी वाजवून त्यांनी जाहीर केलं की गंमत अशीच ठरवली होती, आधी आपल्या छत्तीसगडचा पदार्थ आणि मग त्यांच्या देशाचा. साहेब म्हणाले, यालाच समन्वय म्हणतात. सगळे हसले, शेठ सर्वांत मोठ्यानं.

परिणाम व्हायचे ते झाले. महिनाभरातच त्या मंडळीत कोशिंबीर 'हमारा ट्रेडिशनल छत्तीसगढ़ी डिप' म्हणून वाढली जाऊ लागली, आणि ती पहिल्यांदा शोधून काढल्याबद्दल सरिता मॅडमचा एका महिला मंडळात शाल देऊन सत्कार झाला. भाषणात त्यांनी खेडोपाडी फिरून ही चव हुडकल्याचं सांगितलं. कोठीवानांची शहराच्या कडेला भनपुरीला बदली झाली. ट्रकांच्या रांगांमागे एक गोदाम होतं, आणि दवाखाना रिकामा करताना निघालेल्या खाटा, स्टुलं, चाकं तुटलेल्या खुर्च्या विभागानं तिथे नेऊन टाकल्या होत्या. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं होतं. खोलीतला आकडा, कूलर आणि बादली दुसऱ्या विभागाला मिळाली.

ती शिक्षा होती आणि कोठीवानांना ती लागली. नमस्कार करणारे आटले, गंधालीच्या दाखल्याला खेटे पडले, आणि बरेच दिवस ते घरी येऊन पेपरात तोंड घालून बसत. पानठेल्यावर कोणी ग्रीसची चौकशी केली तर ते रस्ता ओलांडून जात. आपण असं का बोललो, हा प्रश्न त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारला. त्याचं शूरपणाचं उत्तर त्यांना कधी सापडलं नाही. रमाबाईंनी एकदा एवढंच म्हटलं, की त्या दिवशी एवढ्या लोकांत तुम्ही माझं नाव सांगितलं म्हणे, गंधाली बाहेर ऐकून आली. कोठीवान म्हणाले, नाव नव्हतं सांगितलं, बायको म्हटलं होतं. रमाबाई म्हणाल्या की तेच ते.

पानायोतिस आपल्या देशी परत जायच्या आधी एका रविवारी शेठच्या गाडीतून ब्राह्मणपाऱ्यात आला. गल्लीत गाडी शिरेना, तो चालत आला, जिना चढला आणि स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. त्यानं कोठीवानांना लसूण मिठाबरोबर कसा ठेचायचा ते दाखवलं. रमाबाईंनी पदर नाकाला लावून ते पाहिलं आणि मग त्याला काकडी चोचवायला शिकवली. विळीवर त्याचं बोट कापलं. दोघांना एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं, पण शेंगदाणे किती भाजायचे यावर त्यांचा बराच वाद झाला.

कोठीवान भनपुरीहूनच निवृत्त झाले. अजून रविवारी ते सकाळी दही बांधतात. आता घरी कूलर आहे. खीरा ते पिळतात, शेपू ते चिरतात, आणि लसूण ठेचायला घेतला की आतून रमाबाईंचा आवाज येतो, "थांबा." त्या येतात, त्या घट्ट दह्यातलं निम्मं आपल्या वाटीत काढून घेतात, त्यात दाण्याचं कूट आणि चिमूटभर साखर घालतात आणि कढली गॅसवर ठेवतात. मग दोघं आपापली वाटी घेऊन गॅलरीत बसतात. कधीकधी रमाबाई चपातीचा तुकडा नवऱ्याच्या वाटीच्या कडेला हळूच लावून बघतात, तोंड वाकडं करतात, आणि थोड्या वेळानं पुन्हा लावतात.